चोराला पडवी भाड्याने देणारे

पेणच्या गणपती कारखानदाराची मागणी आता पोस्टकार्डावर येत नाही. परदेशातील मराठी मंडळांशी होणारा पत्रव्यवहार, मूर्तींची बिले, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे हे सारे संगणकावर चालते. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या कारखान्यांना माणसे पुरविणारा लहान कंत्राटदार कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा संगणकावरूनच करतो. पतसंस्थेतील कारकून, सातबाराचा उतारा काढून देणारा सेवाकेंद्रचालक, मुलाने पाठविलेल्या लॅपटॉपवर नातवंडांचे चेहरे पाहणारे निवृत्त गुरुजी, यांपैकी फारच थोडे लोक हौसेने या यंत्राच्या वाटेला गेले. सरकारने आणि बँकांनी कागदाची खिडकी एकेक करून बंद केली आणि या माणसांना पडद्यासमोर आणून बसविले. ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे; कारण पुढे जे घडते त्याचा दोष त्यांच्याच माथी मारण्याची रीत पडली आहे.

घडते ते असे. छपाईयंत्र बिघडले म्हणून किंवा बँकेचा ग्राहकसेवा क्रमांक हवा म्हणून माणूस संगणकावर शोध घेतो. वर दिसणाऱ्या पहिल्याच दुव्यावर बोट पडते आणि एकाएकी सारा पडदा लाल-निळ्या इशाऱ्यांनी भरून जातो. कर्णकर्कश भोंगा वाजू लागतो. मायक्रोसॉफ्टच्या बोधचिन्हाखाली मजकूर येतो: संगणकात व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, यंत्र बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. पडदा बंद करण्याची फुली कोठे दिसत नाही. वास्तविक त्या यंत्राला त्या क्षणी बहुधा काहीही झालेले नसते. तो केवळ एक वेबपृष्ठाचा देखावा असतो. त्याने सारा पडदा व्यापलेला असतो एवढेच. परंतु खरा इशारा कसा असतो आणि खोटा कसा, हे ज्याला कोणी शिकविलेच नाही, त्याने ते ओळखावे कसे?

मग तो फोन करतो. पलीकडे अत्यंत सभ्य आवाज असतो. तो 'एनीडेस्क' किंवा 'टीमव्ह्यूअर' यांसारखे दूरवरून संगणक चालविण्याचे साधन उतरवून घ्यायला सांगतो. ही साधने स्वतः बेकायदेशीर नाहीत, कारखान्यांतले तंत्रज्ञ ती रोज वापरतात. यंत्राचा ताबा मिळाला की तो भामटा विंडोजमधील नोंदवही उघडतो. तिच्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी असतात. धडधाकट संगणकातही त्या असतातच; पण त्या 'विषाणू' म्हणून दाखविल्या जातात. प्रथम दुरुस्तीचे काही हजार रुपये. पुढे 'तुमचे पैसे परत करावयाचे आहेत' म्हणून बँकेचे खाते उघडावयास लावायचे, पडदा काळा करायचा आणि खाते धुऊन न्यायचे. घाबरविणे, धीर देणे आणि लुबाडणे या तीन पायऱ्यांचा हा धंदा आहे आणि तिन्ही पायऱ्या आधी लिहून ठेवलेल्या असतात.

यावर राज्यकर्त्यांचा उपाय काय? 'सावध राहा.' भित्तिपत्रके लागतात, बँकांचे संदेश येतात. २०२४-२५ मध्ये तर काही महिने कोणालाही फोन लावला की आधी सावधगिरीचे प्रवचन ऐकावे लागत असे. सावधगिरीला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण उपदेशावरच जेव्हा सारा कारभार थांबतो, तेव्हा तो उपदेश कोणाच्या सोयीचा आहे हे तपासावे लागते. लुटल्या गेलेल्या माणसापर्यंत तो खोटा पडदा पोहोचला कसा? तो आकाशातून पडला नाही. पुष्कळदा तो जाहिरातीच्या जागेतून येतो. शोधयंत्राच्या कंपनीने ती जागा विकलेली असते, तिचे पैसे घेतलेले असतात आणि ती जाहिरात कोणाला, कोणत्या शब्दाचा शोध घेताना दाखवावयाची, हे तिच्याच यंत्रणेने ठरविलेले असते. आपल्या घराची पडवी चोराला भाड्याने द्यायची, भाडे दर महिन्याला मोजून घ्यायचे आणि शेजाऱ्याचे घर फुटले की 'पडवीत कोण बसले होते हे आम्हांस कसे ठाऊक असणार?' म्हणून विचारायचे! गावात असे कोणी केले असते तर त्याला चावडीवर बोलावले असते.

कायद्याने मात्र या घरमालकाला कवच दिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६-ड अन्वये संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. त्याच कायद्याचे कलम ७९ 'मध्यस्थ' कंपन्यांना दुसऱ्याच्या मजकुराच्या जबाबदारीतून सोडवते. यामागची कल्पना अशी की मध्यस्थ हा पोस्टमनसारखा असतो. पत्रातल्या शिव्यांसाठी पोस्टमनला शिक्षा होऊ नये. कल्पना रास्त आहे आणि सामान्य नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यासाठी ती टिकलीही पाहिजे. परंतु तेच कलम अशीही अट घालते की मध्यस्थाने पत्र घेणारा स्वतः निवडलेला नसावा. पैसे घेऊन कोणाच्या दारात कोणते पत्र टाकायचे हे जो ठरवितो, तो पोस्टमन कसला? ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व्यापारचिन्हांच्या एका वादात गूगल ही आपल्या जाहिरात योजनेत सक्रिय भागीदार आहे आणि जाहिरातीतून व्यापारचिन्हाचा भंग होत असेल तर तिला हे कवच मिळणार नाही, असे म्हटले. व्यापाऱ्याच्या नाममुद्रेला जे संरक्षण मिळू शकते, ते पेणच्या कारखानदाराच्या भांडवलाला का मिळू नये?

दुसरी जबाबदारी बँकांची. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाचे दायित्व ठरवून दिले. डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच आदेश दिले. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिऱ्हाइताची आहे, अशा वेळी ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविले तर त्याच्यावर भार नाही. इथवर ठीक. परंतु ग्राहकाच्या 'निष्काळजीपणा'मुळे नुकसान झाले असेल, तर तक्रार करीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. प्रत्यक्षात मात्र शाखेच्या खिडकीवर ग्राहकच आरोपीसारखा उभा असतो. 'तुम्हीच आकडा सांगितलात ना? तुम्हीच ते साधन उतरविलेत ना? मग आम्ही काय करणार?' भोंगा वाजवून, खोटे बोधचिन्ह दाखवून, यंत्राचा ताबा घेऊन काढून घेतलेल्या संमतीला संमती म्हणायचे, हा न्याय सावकाराच्या कोऱ्या कागदावर उठविलेल्या अंगठ्याच्या जातीचा आहे.

हा न्याय बदलता येतो याचा पुरावा घरातच आहे. आसाममधील एका ग्राहकाने ग्राहकसेवेच्या तोतयाच्या सांगण्यावरून एक ॲप उतरविले आणि त्याचे ९४,२०४ रुपये गेले. आपण कोणालाही आकडा सांगितला नव्हता, असे त्याचे म्हणणे होते आणि चोवीस तासांच्या आत त्याने तक्रारही केली होती. गुवाहाटी उच्च न्यायालयाने स्टेट बँकेला जबाबदार धरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. निकाल चांगला आहे. पण लाखभर रुपयांसाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे बळ रोह्याच्या किती माणसांत आहे? ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशाने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियमच केला की देशांतर्गत हस्तांतरात ग्राहकाला फसवून पैसे पाठवावयास लावले असतील, तर ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी करावी. निम्मा भार पाठविणाऱ्या बँकेवर, निम्मा घेणाऱ्या बँकेवर. त्यातही घोर निष्काळजीपणाचा अपवाद आहे. पण दुर्बल ग्राहकाला तो लावता येत नाही. यातला खरा मुद्दा घेणाऱ्या बँकेचा आहे. चोरीचा पैसा कोणत्या तरी खात्यातच जमा होतो. भाड्याने घेतलेली ती खाती कोणाच्या तरी शाखेत, कोणाच्या तरी सहीने उघडलेली असतात. त्या शाखेला निम्मे पैसे भरावे लागले असते, तर खाते उघडताना तिने माणसाचा चेहरा नीट पाहिला असता.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो: भरपाई मिळणार म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील. ज्यांनी आयुष्यभराची शिल्लक गमावून महिनोन्‌महिने झोप घालविली आहे अशा लोकांपुढे हा आक्षेप बोलून दाखविण्याचे धैर्य या पंडितांनी करावे. विमा उतरविला म्हणून कोणी आपले घर पेटवून देत नाही.

पेणच्या लोकांना हा सारा युक्तिवाद नवा नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेल्याचे उघड झाले. गणपती कारखानदार, शेतकरी, शिक्षक, धुणीभांडी करणाऱ्या बाया अशा ठेवीदारांचा त्यात बळी गेला. लेखापरीक्षण होत होते, सहकार खाते होते, रिझर्व्ह बँक होती. तरीही ठेवीदारालाच ऐकावे लागले की अशा बँकेत पैसे ठेवलेतच कशाला? त्या वेळी ठेवीला विमासंरक्षण होते अवघ्या एक लाखाचे. ते पाच लाख झाले फेब्रुवारी २०२० मध्ये. ज्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांना रोहेकर अभिमानाने आपले म्हणतात, तिने निदान याच जिल्ह्याच्या अनुभवावरून एवढे शिकायला हरकत नव्हती की देखरेख ज्याच्या हाती, जबाबदारीही त्याचीच.

या धंद्याची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक लाजिरवाणी आहे. फोनवरचा तो सभ्य आवाज बहुधा आपल्याच देशातल्या तरुणाचा असतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा शेकडो तरुण-तरुणी अमेरिकन करअधिकाऱ्यांचे सोंग घेऊन तेथील नागरिकांना धमकावीत असल्याचे आढळले. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे एका रिसॉर्टमध्ये ॲमेझॉनच्या मदत केंद्राच्या नावाने परदेशी नागरिकांना लुबाडणारे केंद्र उघडकीस आणले. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात तंत्रसाहाय्याच्या नावाखालील फसवणुकीत ९२ कोटी डॉलरहून अधिक नुकसानीच्या तक्रारी आल्या आणि बळींत साठी उलटलेली माणसे फार मोठ्या संख्येने होती. म्हणजे इकडचा बेकार मुलगा तिकडच्या म्हातारीला लुटतो आणि त्याच तालमीत तयार झालेला दुसरा कोणी रोह्याच्या गुरुजींना. लुटीचा मोठा वाटा जातो तो जागा घेणाऱ्या, यंत्रे आणणाऱ्या आणि पैसा फिरविणाऱ्या मालकाकडे. मुलाला निर्दोष म्हणता येणार नाही. ज्याला इंग्रजी बोलता येते त्याला आपण काय करीत आहोत हेही कळते. तरी छाप्यानंतर वर्तमानपत्रांत तोंडाला रुमाल बांधलेल्या पोरांची छायाचित्रे येतात, त्यांच्यात जाहिरात विकणाऱ्या कंपनीचा एकही अधिकारी नसतो, हे विसरून चालणार नाही.

तपासाची स्थितीही सांगण्यासारखी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील गुन्ह्याचा तपास निरीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, असे कलम ७८ सांगते. तालुक्याच्या ठाण्यात असा अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, आणि त्याच्यामागे महामार्गावरील अपघातांपासून मोर्चांच्या बंदोबस्तापर्यंत सारी कामे. मग तक्रारदाराला अलिबागचा रस्ता दाखविला जातो. चोरीचा पैसा तासाभरात चार खाती फिरतो; तक्रारदार तेवढ्या वेळात एस.टी.ची वाट पाहत उभा असतो.

तेव्हा कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसावयाचे नाही. पेण आणि रोहे येथील कार्यालयांत, सेवाकेंद्रांत, मूर्तिकारांच्या कारखान्यांत आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर संगणक मांडून प्रत्यक्ष दाखविले पाहिजे. पडदा लाल झाला, भोंगा वाजला, तर प्रथम आवाज बंद करावा. एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरावी. तेवढ्याने भागले नाही तर ऑल्ट आणि एफ-४ या कळा एकत्र दाबाव्यात, किंवा कंट्रोल, ऑल्ट व डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. काहीच जमले नाही तर बटण दाबून यंत्र खुशाल बंद करावे, आणि पुन्हा सुरू केल्यावर जुनी पृष्ठे उघडू देऊ नयेत. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीही नसतो. ही एक खूण पाठ झाली तरी निम्मे काम होते. बँकेचा क्रमांक संगणकावर शोधू नये, पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्यावा. कोणाला यंत्राचा ताबा देऊन बसले असतील, तर आधी इंटरनेट तोडावे, ते साधन काढून टाकावे, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलावेत. पैसे गेले असतील तर लाजेने घरात बसू नये. त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेच्या शाखेत लेखी तक्रार द्यावी. तक्रारीची पोच तारीख आणि वेळेसह घेतल्याखेरीज शाखेतून उठू नये, कारण परिपत्रकातले तीन दिवस त्याच कागदावरून मोजले जातात.

ज्यांची अशी फसवणूक झाली आहे त्यांच्याकडून संमतीने हकिकती लिहून घ्याव्यात: कोणता शोध घेतला, कोणत्या जाहिरातीवर बोट पडले, कोणत्या बँकेतील खात्यात पैसे गेले, शाखेने काय उत्तर दिले. हा कागद हाती असल्याशिवाय खासदारापुढे जाण्यात अर्थ नाही. जाहिरातीचे पैसे घेणाऱ्याला कलम ७९ चे कवच नको आणि घेणाऱ्या बँकेवर निम्म्या भरपाईचा भार हवा, या दोन मागण्यांचे निवेदन त्या हकिकतींसह जिल्ह्याच्या खासदारांना द्यावे. पेण व रोहे येथील प्रत्येक बँकशाखेत फसवणुकीच्या तक्रारींची स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि जागच्या जागी पोच द्यावी, ही मागणी तर कायदा बदलण्याची वाट न पाहता या महिन्यातच शाखाव्यवस्थापकांपुढे ठेवता येईल.