लाजेपायी हुकणारे गुण

बास्केटबॉल हा धावपळीचा, धक्काबुक्कीचा आणि क्षणाक्षणाला रंग बदलणारा खेळ. त्यात फ्री थ्रो तेवढा निराळा. प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य अडथळा आणला, की खेळाडूला रेषेवर उभे राहून निर्वेध फेक करण्याची संधी मिळते. समोर कोणी हात आडवा घालत नाही, पळायचे नसते, अंतर बदलत नाही. फलकापासून रेषा सुमारे १५ फुटांवर आणि कडे जमिनीपासून १० फूट उंच. अमेरिकेतील व्यावसायिक संघाचे झगमगते स्टेडियम असो की वर्धा जिल्ह्यातील एखाद्या शाळेचे सिमेंटचे उघडे मैदान, हे मोजमाप जवळजवळ तेच राहते. तरीही या साध्या फेकीत जगातील नामवंत खेळाडू अडखळत आले आहेत. त्यावरचा एक उपाय सर्वांना ठाऊक आहे आणि तो नियमातही बसतो. पण तो वापरणारे व्यावसायिक खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. चेंडू दोन्ही हातांत धरायचा, गुडघे वाकवायचे आणि मांड्यांच्या मधून खालून वर झुलवत तो कड्याकडे सोडायचा, एवढाच हा उपाय. अमेरिकेत त्याला ‘ग्रॅनी शॉट’, म्हणजे आजीबाईची फेक, असे हिणवतात. त्याचे दुर्दैव या नावातच सामावले आहे.

ही फेक हास्यास्पद असती, तर तिची चर्चा करण्याचे कारण नव्हते. रिक बॅरी हा गोल्डन स्टेट वॉरियर्सला १९७५ चे विजेतेपद मिळवून देणारा खेळाडू आयुष्यभर याच पद्धतीने फ्री थ्रो घेत राहिला. एनबीएमधील त्याच्या यशाची सरासरी ९० टक्के आहे. कारकिर्दीच्या उतरणीवर, १९७८-७९ च्या हंगामात ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळताना त्याने १६९ पैकी १६० फेका साधल्या. संपूर्ण हंगामात चुकल्या त्या केवळ नऊ. १९८० मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा या कौशल्यात त्याच्या तोडीचे फारसे कोणी नव्हते. असा दाखला समोर असताना पुढच्या पिढीने त्याचे अनुकरण करायला हवे होते. घडले मात्र उलटेच. बॅरीच्या निवृत्तीनंतर ही पद्धत एनबीएतून जवळजवळ नाहीशी झाली.

याहून बोलके उदाहरण विल्ट चेंबरलेनचे आहे. सात फुटांहून उंच असा हा खेळाडू मैदानावर अजिंक्य मानला जाई. रेषेवर उभा राहिला की मात्र त्याची गाळण उडे. १९६०-६१ मध्ये त्याच्या यशाचे प्रमाण ५०.४ टक्के होते. पुढच्या हंगामात त्याने खालून फेकण्याची पद्धत स्वीकारली आणि ते ६१.३ टक्क्यांवर गेले. याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्याने एका सामन्यात १०० गुण नोंदवले. हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या रात्री त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले होते, हे सहसा सांगितले जात नाही. शंभरापैकी २८ गुण ज्या फेकीने दिले, ती फेक चेंबरलेनने पुढे सोडून दिली. १९६७-६८ मध्ये त्याचे प्रमाण ३८ टक्क्यांपर्यंत घसरले. खालून फेकताना आपण बायकी दिसतो असे वाटे, ते चुकीचे होते हे कळत असूनही आपल्याला तसे करवले नाही, अशा आशयाची कबुली त्याने १९९१ च्या आत्मचरित्रात दिली आहे. त्याचे हात तयार होते आणि आकडेही त्याच्याच बाजूचे होते. आड आले ते प्रेक्षकांचे हसू.

शकील ओनीलने तर हा प्रश्न पुरता उघड्यावर आणला. चार विजेतेपदे आणि २८ हजारांहून अधिक गुण नावावर असलेल्या या खेळाडूने कारकिर्दीत ११,२५२ फ्री थ्रो घेतले आणि त्यांतील ५,३१७ दवडले. बॅरीने त्याला ही पद्धत सुचवली होती. तशी फेक करण्यापेक्षा शून्य टक्के यश पत्करेन, असे ओनीलचे म्हणणे होते. त्याची किंमत त्याच्या संघांनी मोजली. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी मुद्दाम त्याला धरून ठेवण्याची नीती अवलंबिली आणि तिला ‘हॅक-अ-शॅक’ असे नावच पडले. त्यामागचा हिशेब सोपा आहे. आजच्या एनबीएमध्ये एका संघाकडे शंभर वेळा चेंडूचा ताबा आला, तर ११० गुणांच्या वर धावसंख्या जाते; म्हणजे एका ताब्याचे मोल सव्वा गुणाच्या आत, पण एकाहून जास्त. पन्नास टक्के यश असलेल्या खेळाडूला दोन फ्री थ्रो दिले, तर सरासरीने एकच गुण जातो. म्हणून त्याला पाडणे परवडते. हेच प्रमाण साठ टक्क्यांवर गेले, की दोन फेकींमागे १.२ गुण जातात आणि डाव अंगलट येऊ लागतो. दहा टक्क्यांच्या सुधारणेत सामन्याची सगळी नीती कशी फिरते, हे यावरून ध्यानात यावे.

या नीतीचा सर्वात मजेदार पराभव ओनीलचा बोलबाला होण्यापूर्वीच झाला होता. डिसेंबर १९९७ मध्ये डॅलसचे प्रशिक्षक डॉन नेल्सन यांनी शिकागोच्या डेनिस रॉडमनला असेच लक्ष्य केले. त्यासाठी पाठवलेला बबा वेल्स तीन मिनिटांच्या आत सहा फाउल करून बाद झाला. पण रॉडमनने बारापैकी नऊ फेका साधल्या! २०१६ मध्ये एनबीएने चेंडूपासून दूर केल्या जाणाऱ्या हेतुपुरस्सर फाउलवरील शिक्षेची व्याप्ती प्रत्येक सत्राच्या अखेरच्या दोन मिनिटांपर्यंत वाढवली. खेळाडूंना फेक शिकवण्यापेक्षा नियम बदलणे व्यवस्थेला सोपे वाटले, असा याचा अर्थ घेतला तर तो फारसा चुकीचा ठरू नये.

खालून फेकण्याची सरशी का होते, याचे उत्तर बरेचसे साध्या भूमितीत आहे. कड्याचा व्यास सुमारे ४६ सेंटिमीटर आणि चेंडूचा २४. चेंडू सरळ वरून आला तर त्याला पूर्ण ४६ सेंटिमीटरचे दार मिळते. तिरपा आला तर ते दार अरुंद होत जाते. ४५ अंशांच्या कोनात ते ३२ सेंटिमीटरच्या आसपास उरते आणि ३२ अंशांच्या खाली चेंडू कड्याला न घासता आत जाणेच अशक्य होते. खालून झुलवलेला चेंडू उंच कमान घेतो, त्यामुळे दार मोठे मिळते. दोन्ही हात एकाच लयीत चालतात, म्हणून डावे-उजवे विचलन कमी होते. मनगट, कोपर आणि खांदा यांची एकहाती कसरत टळते. चेंडूला मागे फिरणारी गिरकी मिळते आणि कड्यावर आदळला तरी तो उसळून दूर जाण्याऐवजी तिथेच घुटमळून आत पडण्याची शक्यता वाढते. मात्र एक अडचणही आहे. चेंडू कमरेच्या उंचीवरून सुटत असल्याने त्याला अधिक वर चढावे लागते, म्हणजे वेग अधिक द्यावा लागतो. आयआयटी मद्रासमध्ये शिकून अमेरिकेत संशोधन करणारे मधुसूदन वेंकडेसन आणि एल. महादेवन यांनी २०१७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात फेकीच्या अचूकतेचे गणित मांडले. लक्ष्य कोठे आहे, यावर वरून फेकणे चांगले की खालून हे अवलंबून असते, असा त्याचा रोख आहे. सर्वांसाठी एकच शास्त्रशुद्ध पद्धत असते, या आपल्याकडच्या लाडक्या समजुतीला त्यामुळे धक्का बसतो.

तेव्हा बॅरीची पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. वरून फेकणाऱ्या स्टीव्ह नॅशची कारकिर्दीतील सरासरी ९० टक्क्यांच्या पुढे आहे आणि स्टीफन करीही त्याच पंक्तीत बसतो. त्यांनी आपली पद्धत बदलण्याचे काही कारण नाही. लाभ आहे तो चाळीस-पन्नास टक्क्यांत अडकलेल्यांचा. लुईव्हिल विद्यापीठाच्या चिनानू ओनुआकूने खालून फेकायला सुरुवात केल्यावर त्याचे प्रमाण ४६.७ वरून ५८.९ टक्क्यांवर गेले. २६ डिसेंबर २०१६ रोजी एनबीएमधील पदार्पणात त्याने अशाच दोन फेका साधल्या, तेव्हा बातमी गुणांची नव्हे, पद्धतीची झाली. त्याच हंगामात रिक बॅरीचा मुलगा कॅनियन याने फ्लोरिडा विद्यापीठाकडून सलग ४२ फ्री थ्रो साधून त्या विद्यापीठाचा विक्रम मोडला. त्यानंतरही लोंढा आला नाही. वाईट फेकणारे वाईटच फेकत राहिले.

अमेरिकेतील ही लाज मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. ‘हातात बांगड्या भरल्यास काय?’ हा प्रश्न आपल्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. मुलीसारखे फेकणे, मुलीसारखे धावणे ही अजूनही शिवीच समजली जाते. वास्तविक अमेरिकेतील महिलांच्या व्यावसायिक स्पर्धेत फ्री थ्रोच्या यशाचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत जराही कमी नाही, आणि पुण्याच्या शिरीन लिमयेसारख्या भारताच्या कर्णधारपदापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूचा खेळ पाहिलेल्यांना ही शिवी किती पोकळ आहे हे ठाऊक आहे. पण शिवी पुराव्यावर चालत नाही.

महाराष्ट्रात वाकड्या वाटेने यश मिळाल्याचे उदाहरण नाही असे नाही. पुण्याच्या केदार जाधवने हात खांद्याच्याही खाली नेत, जवळजवळ भिरकावल्यासारखी गोलंदाजी केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये धरमशाला येथे न्यूझीलंडविरुद्ध त्याने लागोपाठच्या चेंडूंवर नीशाम आणि सँटनर यांना बाद केले, तेव्हा समालोचकांनाही हसू आवरले नसेल. २०२४ मध्ये निवृत्त होताना त्याच्या नावावर ७३ एकदिवसीय सामन्यांत २७ बळी होते. त्याला ही मोकळीक मिळाली, कारण तो मुळात फलंदाज होता. गोलंदाजीत त्याची प्रतिष्ठा पणाला लागलेली नव्हती. चेंबरलेन आणि ओनील यांची गोष्ट नेमकी उलटी. ताकद हीच त्यांची ओळख होती आणि हळुवार फेकीने तिलाच तडा जात होता. क्रिकेटमध्ये १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला ट्रेव्हर चॅपेलने जमिनीलगत सरपटी चेंडू टाकल्यावर अंडरआर्म गोलंदाजीला नियमानेच दार बंद झाले. बास्केटबॉलमध्ये तसे काही नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम खेळाडूला पाच सेकंदांच्या आत, कोणत्याही पद्धतीने फेक करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत देतो. बंदी आहे ती लोकांच्या नजरेची.

बास्केटबॉलच्या चर्चेत चरखा आणणे काहींना ओढूनताणून वाटेल. पण वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात तो टाळता येत नाही. सूत काढणे हे देशाच्या बहुतेक भागांत बायकांचे काम मानले जाई. ते पुरुषांनी, वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी चारचौघांत बसून करावे, हा गांधीजींचा आग्रह अनेकांना हास्यास्पद वाटला होता. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि पवनारच्या विनोबांनी पुढे सुरगावात रोज जाऊन मैलासफाई केली. कामाशी चिकटलेली लाज प्रथम प्रतिष्ठितांनी मोडायची असते, हे त्यांनी ओळखले होते. सामान्य माणूस एकट्याने ती मोडू शकत नाही, कारण हसणाऱ्यांची संख्या त्याच्या आवाक्याबाहेरची असते. बॅरी तारांकित खेळाडू होता, पण एकटा होता.

जिल्ह्यातील शालेय खेळाच्या दृष्टीने हा मुद्दा करमणुकीचा नाही. आठ तालुक्यांतील मुलामुलींना जिल्हा, नागपूर विभाग आणि राज्य या पायऱ्या चढाव्या लागतात. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांपासून शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणापर्यंतची वाट याच पायऱ्यांवरून जाते. एका सत्रात संघाचे चार फाउल झाले, की पाचव्यापासून प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळू लागतात. चुरशीचे सामने तेथेच ठरतात. बारा-तेरा वर्षांच्या किरकोळ अंगाच्या मुलाच्या हातात मोठ्यांचा सहाशे ग्रॅमचा चेंडू दिला, तर तो आपसूक दोन्ही हातांनी खालून फेकतो. त्याच्या शरीराने शोधलेला तो मार्ग असतो. मग शिट्टी वाजते, ‘नीट फेक’ म्हणून दटावले जाते आणि इतर मुले हसतात. लहानांसाठी २.६ मीटर उंचीचे कडे आणि हलका चेंडू असावा, ही मिनी बास्केटबॉलची रीत आहे. तसे कडे आपल्या शाळांतून अभावानेच दिसते. ते बसवायला पैसा लागतो आणि क्रीडाशिक्षकच पुरेसे नसलेल्या शाळांना तो कोठून मिळणार, हा प्रश्न आहेच. खालून फेकू देण्याला मात्र एक पैसाही लागत नाही. सरावाच्या वहीत प्रत्येक मुलाच्या पन्नास फेका वरून आणि पन्नास खालून, अशी महिनाभर नोंद ठेवली, तर कोणाला कोणती पद्धत साधते हे कागदावर दिसेल. ज्यांची फेक वरून उत्तम जमते, त्यांनी तीच ठेवावी. उरलेल्यांना सामन्यात खालून फेकण्याची परवानगी आधी क्रीडाशिक्षकाने, सगळ्या संघासमोर, मोठ्याने द्यावी लागेल.