झुमका सापडला, लेखक हरवला

बरेली शहरात २०२० साली रस्त्याच्या तिठ्यावर एक भलामोठा झुमका उभारला. कशासाठी, तर १९६६ सालच्या 'मेरा साया' चित्रपटात साधना त्या गावच्या बाजारात झुमका पडल्याचं गाणं म्हणते, म्हणून. मला त्या गावाचं कौतुकच वाटलं. कधी नसलेला दागिना त्यांनी चौपन्न वर्षांनी शोधून काढला आणि चौकात टांगला. आता माझा प्रश्न असा की, ज्या मराठी माणसाच्या कादंबरीतून ही सगळी कथा निघाली त्याचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मी दिवाळीत घरी जमलेल्या मंडळींना विचारून पाहिलं. 'मेरा साया' हा आपल्या 'पाठलाग'वरून घेतला, हे बऱ्याच जणांना माहीत होतं आणि ते सांगताना त्यांची मान ताठ झाली होती. 'पाठलाग' १९६४ चा, राजा परांजपे यांचा, पटकथा आणि गाणी गदिमांची, संगीत दत्ता डावजेकरांचं, आशाबाईंनी गायलेलं ते डोळ्यांच्या पाखरांचं गाणं, काशिनाथ घाणेकर वकिलाच्या भूमिकेत, राष्ट्रपतींचं रौप्यपदक... सगळं घडाघडा आलं. पण चित्रपट ज्या कादंबरीवर उभा आहे ती 'आशा परत येते' आणि तिचे लेखक जयंत देवकुळे, ही दोन नावं एकाच्याही तोंडून आली नाहीत. घाणेकरांच्या नावाचं नाट्यगृह आपल्या ठाण्यात आहे, २०१८ साली त्यांच्यावर सिनेमाही निघाला. गदिमांचं नाव तर घराघरात आहे, आणि ते असायलाच हवं. गाण्यातल्या झुमक्यालासुद्धा चौक मिळाला. देवकुळ्यांच्या वाट्याला काय आलं?

"आत्या, त्यात एवढं काय बिघडलं? गोष्ट काय, कुणालाही सुचते. सिनेमा हा शेवटी दिग्दर्शकाचा." उल्हासनगरचा माझा भाचा म्हणाला. मुलगा गुणी आहे, सिनेमे पुष्कळ बघतो. पण हे वाक्य मी गेली पन्नास वर्षं ऐकते आहे आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. तिचं सगळं कथानक मी तुम्हाला पाच मिनिटांत सांगितलं तरी कादंबरीचं काही कमी होत नाही. ती माणसं, तो माळ, ते मेंढके पुस्तकातच राहतात, तुम्हाला तिथे जाऊनच भेटावे लागतात. अमोल पालेकरांनी १९९५ साली तिचा सिनेमा केला, त्यानंतरही पुस्तक होतं तिथेच आणि होतं तसंच आहे. रहस्यकथेचं तसं नाही. तिचा सगळा ऐवज एका गाठीत बांधलेला असतो. ती गाठ कशी मारायची, कुठला धागा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवायचा आणि कुठला त्याच्या नाकाखालून पळवायचा, यातच लेखकाची सगळी विद्या. ती गाठ एकदा पडद्यावर सुटली की पुस्तक उघडणाराला आधीच उत्तर ठाऊक असतं. म्हणजे इतर कादंबरीकाराकडून सिनेमावाला उसनवारी करतो, पण रहस्यकथाकाराची तर तिजोरीच उचलून नेतो. मग नाव सर्वांत ठळक कुणाचं हवं? आपल्याकडे नेमकं उलटं झालं आहे.

'पाठलाग'मधली गाठ आठवा. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत मरते. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडली जाते, ती दिसायला हुबेहूब तिच्यासारखी, आणि ती म्हणते, मीच तुमची बायको. कोर्टात उभी राहून ती नवराबायकोखेरीज तिसऱ्याला ठाऊक नसणाऱ्या गोष्टी सांगू लागते. आणि उलटतपासणी घ्यायची ती नवऱ्यानेच! पुढचं मी सांगणार नाही. साठ वर्षं झाली असली तरी कुणी नातवंड पहिल्यांदा बघणार असेल, त्याचा घास मी हिरावून घेणार नाही. पण एवढंच बघा, की या मांडणीत नवऱ्याने तिला खोटं ठरवलं तर कदाचित तो आपल्याच बायकोला तुरुंगात धाडतो, आणि खरं मानलं तर आपल्या हातांवर जिने प्राण सोडला ती कोण, हा प्रश्न उभा राहतो. दोन्हीकडून माणूस कात्रीत. ही कात्री 'कुणालाही सुचते' का? सुचत असती तर एका कथेवरून तीन वर्षांत तीन भाषांत सिनेमे कशाला निघाले असते? १९६४ ला मराठी, १९६५ ला तमिळमध्ये 'इदय कमलम', १९६६ ला हिंदी. नटनट्या बदलल्या, गाणी बदलली, दिग्दर्शक बदलले. टिकली ती कात्री.

इथे राजाभाऊंचं श्रेय कमी करण्याचा माझा हेतू नाही, हेही सांगून टाकते. 'पुस्तकात होतं तसंच्या तसं दाखवा' असा हट्ट धरणारे जे वाचक असतात, त्यांच्यातली मी नव्हे. पुस्तकात लेखक 'ती हुबेहूब तशीच दिसत होती' असं लिहितो, तेव्हा वाचक तो चेहरा पाहत नाही, लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवतो. पडद्यावर तर तीच नटी समोर उभी असते. प्रेक्षकाचा डोळा पहिल्या क्षणालाच कौल देऊन मोकळा होतो. मग संशय जिवंत ठेवायचा कसा? आवाजातून, नजरेतून, नवऱ्याच्या गप्प राहण्यातून, अंधारातून. ते काम दिग्दर्शकाचं, आणि त्यासाठी तो पुस्तकाची पानं खुशाल फाडो, प्रसंग मागेपुढे करो, गाणी घालो. रहस्यपटात बदल करावेच लागतात. कारण निम्मे प्रेक्षक पुस्तक वाचून आलेले असतात आणि त्यांनाही धरून ठेवायचं असतं. माझं भांडण बदलाशी नाही, नाव पुसण्याशी आहे.

आणि नाव पुसणारे फक्त सिनेमावाले नाहीत. पहिला खोडरबर आपल्या साहित्यिक मंडळींच्या हातात आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. काळापहाड, झुंजार, धनंजय ही नावं ऐकून ज्यांच्या डोळ्यांत अजून चमक येते असे माझ्या वयाचे लोक कितीतरी आहेत. गुरुनाथ नाईकांनीही हजाराच्या घरात लिहिलं. अभ्यासक्रमात त्यांना जागा नाही हे एक वेळ समजू, पण वाङ्मयाच्या इतिहासातही उल्लेख असा येतो, जणू पाहुण्यांसमोर घरातला वेडसर काका आला. शाळांतून ही पुस्तकं जप्त व्हायची. आणि जप्त झालेलं पुस्तक शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीपर्यंत तीन हातांतून फिरलेलं असायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये बायकांच्या डब्यात सुहास शिरवळकर वाचता वाचता कल्याणऐवजी डोंबिवलीला उतरलेल्या बाया मला माहीत आहेत. लाखो लोकांना मराठी वाचायला लावणारी ही माणसं. त्यांना आपण 'करमणूकप्रधान' म्हणून बाजूला बसवलं, आणि मग सिनेमावाल्यांनीही ओळखलं की या घराला राखणदार नाही.

बंगाल्यांचं बघा. सत्यजित राय 'पथेर पांचाली'वाले, पण शरदिंदू बंदोपाध्यायांच्या ब्योमकेश कथेवर 'चिडियाखाना' काढताना त्यांना कमीपणा वाटला नाही. १९६७ सालच्या चित्रपटांसाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो याच गुप्तहेरपटासाठी रायना मिळाला. पुढे त्यांनी स्वतःच्या फेलूदावर १९७४ साली 'सोनार केल्ला' केला. गंमत म्हणजे हे शरदिंदू १९५२ पासून आपल्या पुण्यात राहत होते! १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश हिंदीत आला तेव्हा आपण सगळे घड्याळ लावून बसलो होतो. त्याच वेळी अर्नाळकर हयात होते. १९९६ साली गेले. कुणाला वाटलं का, की काळापहाडही असा आणावा?

आणि आजची गोष्ट. पुण्यात वाढलेले श्रीराम राघवन, मोठा कलावंत माणूस, त्यांनी २०२४ साली 'मेरी ख्रिसमस' केला. मुंबईत घडणारी काळोखी रहस्यकथा. मूळ कुठलं, तर फ्रेदेरिक दार नावाच्या फ्रेंच लेखकाची कादंबरी. हे दार म्हणजे फ्रान्सचे गुरुनाथ नाईकच म्हणा ना, खिशात मावणारी स्वस्त पुस्तकं शेकड्यांनी लिहिणारे. राघवन यांनी मूळ लेखकाचं नाव सांगितलं, काही लपवलं नाही, त्यांना दोष नाही. दोष आपला. मुंबईच्या अंधाऱ्या रात्रीसाठी फ्रान्सच्या फळीवरचं पुस्तक सापडतं आणि गिरगावात, पुण्यात छापलेलं सापडत नाही, कारण आपणच ते माळ्यावरून रद्दीत घातलं.

आता भाच्याचा दुसरा मुद्दा. तो म्हणाला, "तुमचे धारप तरी कुठे धुतल्या तांदळाचे? त्यांची 'आजी' ही कथा स्टीफन किंगच्या आजीवरून घेतलेली." बरोबर आहे, तसं जाणकार म्हणतात आणि साम्यही उघड आहे. अर्नाळकरांच्या कित्येक नायकांचे पूर्वज विलायतेत सापडतील. पण अरे, तू उल्हासनगरचा, तुला तरी हे सांगावं लागू नये! तुमच्या गावाची जुनी थट्टा आहे ना, मालावर 'मेड इन यू.एस.ए.' लिहायचं आणि कुणी विचारलं तर सांगायचं, उल्हासनगर सिंधी असोसिएशन. त्या थट्टेतसुद्धा नक्कल करणारा आपल्या गावाचं नाव छातीवर लावून होता. फाळणीत सगळं गमावून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या लोकांनी मशीनवर बसून ते नाव कमावलं. घेणं हा गुन्हा नाही. कुणाकडून घेतलं ते न सांगणं हा गुन्हा. धारपांनी सांगायला हवं होतं, हे मी मान्य करते. पण म्हणून धारपांचंही नाव न घेण्याचा परवाना कुणाला मिळत नाही.

'तुंबाड' हे त्यातल्या त्यात बरं उदाहरण. राही अनिल बर्वे यांनी मूळ प्रेरणा धारपांची हे सांगितलं. तरी २०१८ साली तो आला तेव्हा माझ्या ओळखीतले निम्मे लोक 'पेंडशांच्या कादंबरीवरचा सिनेमा' म्हणून बघायला गेले. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मधून नाव तेवढं घेतलंय, कथेचा संबंध नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला. धारप २००८ सालीच गेले होते. शिरवळकर २००३ ला गेले, आणि त्यांची 'दुनियादारी' पडद्यावर आली २०१३ ला, 'समांतर' आलं २०२० ला. एका बैठकीत संपणाऱ्या 'समांतर'ची ओढून ताणून दोन सीझनची मालिका केली, ते मला मुळीच आवडलं नाही. पण जाहिरातीत सुशिंचं नाव ठसठशीत होतं, त्याला माझा नमस्कार. 'फास्टर फेणे'वाल्यांनी तर २०१७ साली भा. रा. भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांकडून ते वठवून घेतलं. म्हणजे मनात असलं की जमतं.

वारस कुठे शोधायचे, ही निर्मात्यांची नेहमीची तक्रार. कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. ज्यांना परदेशातल्या कादंबरीचे हक्क मिळवता येतात त्यांना इथला पत्ता सापडत नाही, हे मला तरी पटत नाही.

मागच्या वर्षी इथल्याच एका वाचनालयाने जागा नाही म्हणून जुनी पुस्तकं काढली. रद्दीच्या गठ्ठ्यांत वर होत्या त्या सगळ्या रहस्यकथा. चरित्रं, नाटकं, पाकशास्त्र फळीवर शाबूत होतं. मी आक्षेप घेतला तर उत्तर मिळालं, "बाई, ती काही साहित्य नव्हे." बदलापूरला श्याम जोशी यांनी ग्रंथसखा वाचनालय उभं केलं आणि जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं जपली, म्हणून या भागात निदान एक दार तरी उघडं आहे.

तर मंडळी, एक काम सांगते. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत, गावाकडच्या फडताळात जयंत देवकुळे यांचं कुठलंही पुस्तक असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका, मला कळवा. कल्याणपासून बदलापूरपर्यंत कुठेही मी स्वतः येऊन घेऊन जाईन. मुखपृष्ठ फाटलेलं चालेल, वाळवीने कडा खाल्लेल्या चालतील. शेवटची पानं मात्र जागेवर आहेत ना, तेवढं आधी बघून ठेवा.