कोकणात जायचं, पण नेमकं कुठे?

मुंब्र्याचा फ्लॅट विकून दक्षिण कोकणात राहायला जायचं, एवढं आमच्या घरात ठरलं आहे. गाव ठरत नाही. मुलांना समुद्र हवा, अब्बांना खाडी.

आम्ही दोघं मुद्दाम मे महिन्यात जागा बघत हिंडलो. पावसाळ्यात काय, कोकण कुणालाही आवडतं! पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस झेलणाऱ्या या भागात मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत. सड्यावर पाणी ठरत नाही, किनाऱ्याजवळच्या काही विहिरी मचूळ होतात. म्हणून एजंटाला नाही, शेजारणीला विचारायचं, "भाभी, तुमची विहीर कधी आटते?"

हर्णै देखणं, मासळी ताजी. पण रेल्वेसाठी खेड गाठावं लागतं. चिपळूणला रेल्वे आहे, बाजार आहे. मात्र जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी त्याच बाजारपेठेत शिरलं होतं. तिथे घ्यायचं तर उंचावरचं घर, तेही पुराची खूण कुठवर होती ते विचारून. अगदी किनाऱ्यावरच्या स्वस्त प्लॉटवर सीआरझेडमुळे बांधता येईल का, हे आधी तपासायला हवं.

अब्बांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. त्यामुळे आमचा कल रत्नागिरी शहराकडे आहे: जिल्हा रुग्णालय जवळ, रेल्वेही आहे. आमच्या पैशांत तिथे दोनच खोल्या येतील. अब्बा रुसलेत. पुढचा उन्हाळा भाड्याने राहून बघू, राजिवड्याची खाडी रोज दाखवू, असं त्यांना सांगितलंय.