मांजरीचा शेतकरी आणि शाळेतली वंशावळ



गेल्या आठवड्यात आमच्या इंदिरानगरात, वडाळा-पाथर्डी रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत, वंशावळीवरून घरात रुसवाफुगवी झाली. घर कोणाचे ते सांगत नाही, कारण ती मंडळी आपला अंक वाचतात. घरातली मुलगी सहावीत आहे. शाळेने घराण्याची वंशावळ कार्डशीटवर काढून आणायला सांगितली होती. पोरीने झाडाचे खोड छान रंगवले, फांद्या काढल्या आणि आजोबांना नावे विचारायला बसली.

आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून नाशकात आलेले. आधी खडी फोडली, मग सातपूरच्या कारखान्यात हमाली केली. त्यांनी बापाचे नाव सांगितले, आज्याचे सांगितले आणि थांबले. म्हणाले, "त्याच्या मागं कोण, ते मला न्हाई ठावं. हाडकीच्या तुकड्यावर राबत असतील." इथवर ठीक होते. पण ही मुलगी त्यांच्या मुलाच्या पोटची नाही. ती सुनेच्या बहिणीची. आई बाळंतपणात गेली आणि दोन महिन्यांचे लेकरू मावशीच्या ओटीत आले. त्या दिवशी घरी आलेला एक नातेवाईक सगळ्यांदेखत बोलून गेला, "वंशावळीत रक्ताची माणसं लिहायची असतात." पोरीने ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच.

मीही तिथेच बसले होते, पण मला वेळेवर बोलायला सुचले नाही. घरी आल्यावर सुचले. नेहमी असेच होते. म्हणून आज या सदरात एका शेतकऱ्याच्या घराण्याची हकिकत सांगते. माणूस तुमच्या-माझ्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी फोटोत आहे. पण आपण त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, शेतकरी म्हणून कमी.

जोतीराव फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. पणजोबा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या कटगुणचे चौगुले. गावच्या कुलकर्ण्याशी वैर आले, त्यात कुलकर्ण्याचा जीव गेला आणि पणजोबांनी रातोरात गाव सोडले. चरित्रकार अशीच हकिकत सांगतात. ते पुरंदर भागात खानवडीला येऊन राहिले. तिथे त्यांचा मुलगा शेटिबा वाढला. शेटिबा कर्जात बुडाला आणि बायको-मुलांना घेऊन पुण्याला आला. म्हणजे या घराची पहिली फांदी भीतीने गाव सोडून गेलेली आणि दुसरी कर्जाने. आमच्या गल्लीतले आजोबा दुष्काळाने आले. फरक तो किती?

शेटिबाला तीन मुलगे : राणोजी, कृष्णा आणि गोविंदा. मुले फुलांच्या धंद्यात शिरली. फुलांचे हार-गजरे पेशव्यांच्या वाड्यावर जाऊ लागले, म्हणून गोऱ्ह्यांचे फुले झाले. पेशव्यांनी या कुटुंबाला ३५ एकर जमीन इनाम दिली असे सांगतात. पुढे थोरल्या भावाने ती एकट्याच्या नावे करून घेतली. धाकट्या गोविंदरावांनी भाजीपाल्याचे दुकान काढले आणि शेती धरली. त्यांनी धनकवडीच्या झगडे पाटलांची लेक चिमणाबाई करून घेतली. ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला, आणि मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच चिमणाबाई गेल्या. लेकराला सांभाळले सगुणाबाई क्षीरसागरांनी. त्या गोविंदरावांच्या नात्यातल्या, बालविधवा. ही गोष्ट लक्षात ठेवा. जोतीराव स्वतः दुसऱ्या आईच्या हातचे वाढलेले होते.

गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले. मग कोणी कान फुंकले की शिकून पोरगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, आणि त्यांनी त्याला शाळेतून काढून शेतावर पाठवले. जोतीरावांच्या हातात खुरपे आले ते असे. शेजारी राहणारे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत काढली, तेव्हा १८४१ मध्ये पोरगा मिशनरी शाळेत गेला. पुढची गोष्ट, मुलींची शाळा, सावित्रीमाई, १८४९ साली वडिलांनी दोघांना घराबाहेर काढणे, उस्मान शेख यांच्या घरचा आसरा, हे आपल्या घराघरात पाठ आहे, म्हणून ते इथे सोडून देते. आपण मळ्यात जाऊ.

जोतीरावांनी संसार चालवण्यासाठी बांधकामाची कंत्राटे घेतली. खडकवासल्याचे धरण होत होते, तिथे साहित्य पुरवले. दगड-चुन्याच्या कामावर राबणारा मजूर कसा जगतो, ते त्यांनी तिथे उघड्या डोळ्यांनी पाहिले. धरण झाले, कालवा निघाला आणि हडपसर-मांजरीकडे पाणी वाहू लागले. पण शेतकरी पाणी घ्यायला धजेना. पाणीपट्टी किती लागेल, पाणी वेळेवर मिळेल का, उद्या पाणी तोडले तर पिकाचे काय? गरिबाची शंका कधी उगाच नसते. जोतीरावांनी मांजरीला जमीन घेतली, कालव्याचे पाणी घेतले आणि भाजीपाला काढून दाखवला. घरचा धंदाच भाजीचा, तेव्हा बाजाराची नाडी त्यांना ठाऊक होती. भाषण करून जे पटत नाही ते वाफ्यात उगवलेले दिसले की पटते.

मळ्यात वाकून काम केल्यावर जे दिसले ते त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात घातले. ते १८८३ मध्ये लिहून पूर्ण झाले. त्याचे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले, पण पुढचे तिखट भाग छापायला आपल्याच माणसांना भीती वाटली. पुस्तकात सावकार, भटजी, कचेरीतले कारकून यांचा समाचार आहेच. पण माझ्या मते त्यातला वाचण्यासारखा भाग शेवटाकडे आहे, उपायांचा. डोंगराच्या उतारावर ताली-बंधारे असे घाला की पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि पानांचा, शेणाचा कस वाहून नदीला जाणार नाही. या कामाला पलटणीतले आणि पोलिसातले रिकामे हात लावा. तळी, धरणे बांधा. जंगलखात्याने हिसकावलेली चराई मोकळी करा, कारण गुरे नाहीत तर खत नाही. परदेशातून चांगल्या जातीची शेळ्या-मेंढरे आणा. दरसाल पिकांची प्रदर्शने आणि नांगर हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्या. शेतकऱ्यांची पोरे लोहारी-सुतारी शिकवून परदेशी शेतकी शाळा पाहायला धाडा. पाणलोट, बंधारे हे शब्द आज सरकारी जाहिरातीत रंगीत अक्षरांत येतात. मांजरीच्या शेतकऱ्याने ते दीडशे वर्षांच्या आसपास आधी कागदावर मांडले होते.

त्याच काळात सातासमुद्रापलीकडे काय चालले होते? अमेरिकेत १८६२ साली कायदा झाला. जो जाऊन राहील, पाच वर्षे जमीन कसेल, त्याला १६० एकर जमीन किरकोळ फी भरून नावावर. मधल्या सपाट प्रांतांत लाखो कुटुंबे गेली. आज त्यांचे वंशज खापरपणजोबांचा सर्व्हे नंबर, लग्नाची तारीख, बैलांची संख्या सुद्धा सांगतात. मात्र ती जमीन तिथल्या आदिवासी जमातींची होती, त्यांना हुसकावून मोकळी केलेली. आणि गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना १८६५ मध्ये ४० एकरांचे तुकडे देण्याचा लष्करी हुकूम निघाला, तो त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने फिरवला. जमीन जुन्या मालकांकडे गेली, राबणारे वाटेकरी झाले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते.

कागदावर नाव कोणाचे राहते, याचा दाखला आपल्या गच्चीवरून दिसतो. समोरच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम कोरलेला आहे. पूर्वी ऋषभदत्ताकडे असलेले २०० निवर्तने शेत डोंगरावरच्या भिक्खूंना दिले, असा. सहा वर्षांनी दुसरा हुकूम कोरला : ते शेत कसले जात नाही, गाव ओस पडले आहे, म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेतले १०० निवर्तने द्यावे. राजाचे नाव आहे, राजमातेचा उल्लेख आहे. ओस पडलेल्या गावातून उठून गेलेल्या माणसांचे मात्र एकही नाव नाही. आमच्या आजोबांना आज्याच्या मागचे नाव सांगता येत नाही, यात त्यांचा काय दोष? वतनी जमिनीच्या नावाखाली गावकीची फुकट चाकरी पिढ्यान् पिढ्या करवून घेतली. त्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. याच जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्याचे दादासाहेब गायकवाड भूमिहीनांच्या जमिनीसाठी १९५९ आणि १९६४ साली हजारो बायाबापड्यांना घेऊन रस्त्यावर उतरले. सातबाऱ्यावर नाव यावे म्हणून आपल्या आज्या लेकरे काखेत घेऊन तुरुंगात गेल्या आहेत.

आता वंशावळीकडे वळते. सावित्रीमाईंना मूल झाले नाही. दुसरे लग्न करा म्हणून घरच्यांनी जोतीरावांच्या मागे टुमणे लावले. त्यांनी ऐकले नाही. फसलेल्या विधवांसाठी त्यांनी १८६३ मध्ये घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. तिथे काशीबाई नावाची ब्राह्मण विधवा बाळंत झाली. त्या मुलाला या माळी जोडप्याने दत्तक घेतले. नाव ठेवले यशवंत. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून आपले जे काही होते ते यशवंताच्या नावे केले. आणि तो वाईट निघाला तर माळी, कुणबी, धनगर अशा जातींतला लायक मुलगा निवडावा, असेही लिहिले. बापाला वंश पुढे न्यायचा नव्हता, काम पुढे न्यायचे होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंद आडवे आले. यशवंत रक्ताचा नाही, हेच बोलणे! तेव्हा सावित्रीमाईंनी टिटवे स्वतःच्या हातात घेतले आणि त्या पुढे चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा आईच्या बोलावण्यावरून त्याने हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातले पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचे पोर प्लेगने पडले होते. सावित्रीमाईंनी त्याला आपल्या पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. माईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

हे सगळे मी रविवारी त्या घरी जाऊन सांगितले. नातेवाईक नव्हते, त्यामुळे बोलायला सोपे गेले, हे कबूल करते. आजोबा सगळे ऐकून घेत होते. मुलीने विचारले, "मग फुल्यांच्या वंशावळीत यशवंतचं नाव कुठं लिहितात?" मी म्हटले, "जोतीराव-सावित्रीच्या खाली. दुसरं कुठं?"

पोरीने रंगाची डबी उघडली. झाडाला तिने दोन मुळे काढली. एका मुळावर जन्म देणाऱ्या आईचे नाव लिहिले, दुसऱ्यावर मावशीचे. मावशी भाकऱ्या थापत होती, ती पीठ लागलेल्या हातानेच पाहायला आली आणि काही न बोलता परत चुलीकडे गेली. आज्याच्या वरची जागा रिकामी राहत होती. आजोबा म्हणाले, "तिथं नाव न्हाई तर न्हाई. हाडकीवर राबणारा, असं लिही. आणि खाली आपल्या गावाचं नाव घाल, मोठ्या अक्षरात."

मंगळवारी कार्डशीट शाळेत द्यायची होती. ती रंग वाळायला म्हणून टीव्हीवर उभी करून ठेवली होती, आणि आजोबांनी त्या संध्याकाळी बातम्या लावू दिल्या नाहीत.