एकट्या मुलाला समाज कसा शिकवावा?

गेल्या महिन्यात अभ्यासमंडळाची बैठक आटोपल्यावर एका जुन्या साथीने मला दारातच गाठले. "सर, शिकवणीच्या धंद्याविरुद्ध आपण तीस वर्षे भाषणे केलीत. आता म्हणे आपल्याच घरी शिकवणी चालते!" बोलण्याचा सूर थट्टेचा होता, परंतु थट्टेच्या तळाशी आरोप होता आणि तो सर्वस्वी निराधार नव्हता. निवृत्तीनंतर गेली दोन वर्षे मी दोन मुलांना घरी बोलावून, आठवड्यातून दोनदा, निरनिराळ्या वेळी, एकेकट्याने सामाजिक शास्त्रे शिकवीत आहे. शुल्क घेत नाही. परंतु शुल्क न घेतल्याने तात्त्विक प्रश्न निकालात निघतो, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. त्या साथीला दारात उभ्याने उत्तर देणे शक्य नव्हते. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो. कारण आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्ते वस्त्यांतून अभ्यासवर्ग चालवतात आणि हा प्रश्न त्यांचाही आहे.

मी राहतो ते लातूर शहर शिकवणीचे माहेरघर समजले जाते. येथील गल्ल्यांतून क्लास, वसतिगृहे आणि खानावळी अशी एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे. तथापि तिच्या बाजारात सामाजिक शास्त्रांना भाव नाही. वैद्यक-अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत हा विषय नाही, आणि २०१० मध्ये दहावीला सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आल्यापासून, टाकून देण्याचा सहावा विषय म्हणून बहुधा याच्याकडेच बोट जाते. इतिहास-राज्यशास्त्राचे चाळीस, भूगोलाचे चाळीस आणि अंतर्गत वीस, एवढाच त्याचा संसार. पूर्वी दहावीच्या भूगोलाच्या जोडीला अर्थशास्त्र तरी होते. २०१८ च्या पुस्तकापासून तेही गेले. (अर्थशास्त्राच्या माणसाचे हे दुखणे वाचकांनी समजून घ्यावे.) म्हणजे ज्या विषयात मुलाने आपण कोणत्या समाजात राहतो हे जाणून घ्यायचे, तोच विषय व्यवहारात अनावश्यक ठरला आहे. मग शाळेत तो पस्तीस मिनिटांच्या तासात, साठ मुलांपुढे, प्रश्नोत्तरे उतरवून देऊन संपवला जातो. यात मी शिक्षकाला दोष देत नाही. साठ मुलांच्या वर्गात मीही याहून वेगळे काही केले असते, असे मला वाटत नाही.

माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एक डॉक्टरांचा मुलगा आहे. दुसरी मुलगी. तिची आई क्लासच्या विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका खानावळीत पोळ्या लाटते. कुटुंब मूळचे धारूरकडचे. लातुरात स्थिरावण्यापूर्वी आईवडील हंगामात ऊसतोडीला जात. दोघेही नववीत. मुलीने पहिले दोन महिने माझ्यासमोर होकार-नकारापलीकडे शब्द काढला नाही. एके दिवशी बँकेच्या कर्जावरचा धडा चालू असताना तिने विचारले, "सर, उचल म्हणजे कर्जच का?" मी म्हणालो, "तुला काय वाटतं?" त्यावर तिने पाऊण तास मला उचल समजावून सांगितली. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यात त्या जोडीच्या नावावर रक्कम देतो. हंगामात तोडलेल्या उसाच्या टनांवर ती फिटायची. पाऊस लांबला, कारखाना लवकर बंद झाला किंवा बाई आजारी पडली की ती फिटत नाही आणि बाकी पुढल्या सालावर जाते. म्हणून पुढल्या सालीही त्याच मुकादमाच्या टोळीत जावे लागते. श्रमिकांच्या वेठीविषयी मी पदव्युत्तर वर्गांना इंग्रजी ग्रंथांतून शिकवले आहे. त्या व्याख्यानांत नसलेली एक गोष्ट या मुलीने सांगितली: उचलीचे पैसे बहुधा आधीच्या देण्यापायी आल्या दिवशीच संपतात, म्हणून घरात ते पैसे कोणी 'आले' असे म्हणतच नाही.

हे ती साठ मुलांत बोलली असती काय? कदापि नाही. त्या वर्गात मुकादमाचा मुलगाही असू शकतो. एकट्या मुलाला शिकवण्याचे जे काही समर्थन मला करता येते, ते या पाऊण तासापाशी सुरू होते. गुण वाढतात म्हणून मी ते करीत नाही. गुण वाढतात याचे पुरावे आहेतच. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये असे मांडले की, एकेकट्याने शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील अठ्ठ्याण्णव टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. पुढील अभ्यासांत एवढा मोठा फरक क्वचितच आढळला. शिवाय ते प्रयोग संभाव्यता आणि नकाशाशास्त्र यांवरचे होते. उत्तर बरोबर की चूक हे जेथे ठरवता येते, तेथे ही मोजणी चालते. आपला बाप गरीब का, या प्रश्नाला ती लावता येत नाही.

आता दुसरी बाजू. एकट्याला समाज शिकवण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रूसोने एका गुरूच्या स्वाधीन केलेल्या एका मुलाची कथा लिहिली, ते 'एमिल' १७६२ मधले, आणि माणसांनी एकत्र येऊन राज्य कसे घडवावे हे सांगणारा 'सामाजिक करार'ही त्याच वर्षीचा. नागरिक घडवायचे सर्वांनी मिळून, आणि मूल वाढवायचे एकट्याने! जॉन स्टुअर्ट मिलची हकीगत आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना अधिक जवळची. बापाने त्याला शाळेत घातलेच नाही. तेराव्या वर्षी रोजच्या फेरफटक्यात जेम्स मिल त्याला रिकार्डोचे अर्थशास्त्र सांगे. मुलाने ते दुसऱ्या दिवशी लिहून आणायचे, आणि स्पष्ट होईपर्यंत पुन्हापुन्हा लिहायचे. त्या टिपणांच्या आधाराने बापाने १८२१ मध्ये पाठ्यपुस्तक सिद्ध केले. इतर मुलांपासून त्याला कटाक्षाने दूर ठेवले होते. विसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, ज्या सुधारणांसाठी त्याला घडवले होते त्या सर्व प्रत्यक्षात आल्या तरी आपल्याला आनंद होणार नाही, हे त्याच्या ध्यानी आले आणि तो मनाने खचला. त्याने आत्मचरित्रात हे प्रांजळपणे नोंदवले आहे. मजुरीचा सिद्धांत तेराव्या वर्षी ठाऊक, आणि बरोबरीच्या पोरांशी भांडण मात्र कधी केलेले नाही, अशा शिक्षणाला पूर्ण शिक्षण म्हणणे मला जड जाते.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे पंडित नेहरूंची पत्रे. १९२८ च्या उन्हाळ्यात मसुरीस असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला लिहिलेली, आणि पुढे ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या काळात बहुतांशी तुरुंगातून लिहिलेली जगाच्या इतिहासाची १९६ पत्रे. एका मुलीसाठी लिहिलेला असा सामाजिक शास्त्रांचा पाठ दुसरा मला ठाऊक नाही आणि त्या ग्रंथाविषयी माझ्या मनात आदर आहे. त्या पत्रांच्या वाचक विद्यार्थिनीने पुढे १९७५ च्या जूनमध्ये काय केले, हे या पृष्ठाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्याचे खापर पत्रांवर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु पत्र उलट बोलत नाही, आणि पत्र वाचणाऱ्याच्या शेजारी निराळ्या घरातले मूल बसलेले नसते, ही उणीव मात्र राहतेच.

माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या बाबतीत हीच उणीव मला जाणवली ती पाण्याच्या धड्यात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. मांजरा धरण आटले होते. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले आणि देशभर त्याची छायाचित्रे छापली गेली. त्यापूर्वीच, मार्चमध्ये, शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून कलम १४४ लागू करण्यात आले होते. ही मुले तेव्हा चार-पाच वर्षांची. मी दोघांनाही स्वतंत्रपणे एकच काम दिले: त्या उन्हाळ्यात आपल्या घरी पाणी कसे येत होते, हे घरच्यांना विचारून लिहा. मुलाने लिहून आणले की टंचाई होती, पण शासनाने रेल्वे आणून प्रश्न सोडवला; घरी टँकर येत असे. मुलीने लिहिले की आई रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत बसे आणि सकाळी कामावर जाई. दोन्ही उत्तरे खरी होती. दोन्हींना मी 'छान' असा शेरा दिला. रात्री वह्या शेजारी ठेवून वाचताना उमगले की, आपल्या घराचे उत्तर तेच शहराचे उत्तर, अशी दोघांचीही समजूत मी पक्की करून ठेवली आहे.

त्या शनिवारी दोघांना एकत्र बोलावले. वह्या एकमेकांना वाचायला दिल्या. मुलाने अत्यंत सरळपणे विचारले, "मग तुम्ही टँकर का नाही मागवला?" मला संकोच वाटला, तिला मुळीच वाटला नाही. ती हसून म्हणाली, "अन् वतायचं कशात? आमच्याकडं टाकी कुठंय?"

प्रभावी मागणी म्हणजे खरेदीची इच्छा आणि ऐपत, अशी व्याख्या मी बत्तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. विकत घेतलेली वस्तू साठवायला जागा लागते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला पैसे असूनही घाऊक दराने घेता येत नाही, हे त्या व्याख्येत नाही. मग मुलाने हिशेब मांडला: टँकर किती लिटरचा, घागर किती लिटरची, त्याच्या घरची टाकी किती घागरींची. वही संपेपर्यंत दोघे भांडत होती. मी मध्ये पडलो नाही.

येथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. उत्साहाच्या भरात पुढच्या शनिवारी मी मुलीला म्हणालो, "ते उचलीचं याला सांग ना." ती खाली पाहून म्हणाली, "मला नाही माहीत, सर." त्यानंतर दोन आठवडे ती आली नाही. चूक माझी होती. एकांतात विश्वासाने सांगितलेली घरची गोष्ट मी धड्याचे साहित्य म्हणून वापरायला निघालो होतो. पाणी सगळ्या शहराने सोसले होते, त्याची लाज एकट्या कोणाला नव्हती. कर्ज मात्र तिच्या घराचे होते. हा भेद मला अगोदर कळायला हवा होता. ती पुन्हा येऊ लागली आहे. उचलीचा विषय तिने काढलेला नाही आणि मीही काढत नाही.

आता त्या साथीच्या आरोपाकडे वळतो. देशात शिकवणी घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २०२५ च्या शासकीय पाहणीत सुमारे २७ टक्के आढळले. शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली होती. आज वरचा वर्ग स्वतःच्या पैशाने निराळी वाट काढतो आणि सरकारी शाळेची काळजी वाहण्यातून अंग काढून घेतो. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिफारस केलेली समान शाळा आपण आणू शकलो नाही, याचा विसर घरच्या शिकवणीने पडता कामा नये. माझ्या दिवाणखान्यातील दोन खुर्च्या म्हणजे शाळेला पर्याय नव्हे. त्या दोन मुलांना एका बाकावर बसवू शकणारी शाळा या शहरात असती, तर मला हा उद्योग करावा लागला नसता.

तथापि शाळा येईपर्यंत वस्तीतले मूल थांबत नाही. आपल्या अभ्यासवर्गांतून कार्यकर्ते गणित-इंग्रजी शिकवतात. सामाजिक शास्त्रे 'मुले घरी वाचतील' म्हणून सोडून देतात. समाजवादी म्हणवणाऱ्यांनी नेमका हाच विषय सोडावा, हे मला चमत्कारिक वाटते. ज्यांना जमेल त्यांनी आठवड्यातून एक तास एका मुलाला द्यावा आणि महिन्यातून एकदा निराळ्या घरातल्या दोन मुलांना एकत्र बसवावे. एकत्र बसवताना रेशन, पाणी, बस, कचरा यांसारखा सगळ्या गावाचा विषय घ्यावा.

आणखी एक सावधगिरी, आणि ती विशेषतः आपल्या मंडळींसाठी. वर्गात शिक्षकाने भलते काही सांगितले तर साठ साक्षीदार असतात. बंद खोलीत मूल आणि आपण दोघेच. तेथे आपली मते मुलाच्या तोंडी घालणे फार सोपे आहे. डॉक्टरांच्या मुलाने मध्यंतरी साखर कारखान्यांवर एक निबंध लिहून आणला. त्यातली वाक्ये वाचताना मला परिचित वाटली. ती माझीच होती. मी तो परत दिला आणि सांगितले की, तुझ्या ओळखीच्या ऊस बागायतदाराला भेट आणि त्याचे म्हणणे लिहून आण. तो मामाकडे जाऊन आला आहे. मामा माझ्याशी मुळीच सहमत नाहीत. येत्या शनिवारी दोन्ही मुले मिळून ते टिपण वाचणार आहेत. त्या साथीला मी त्या दिवशी चहाला बोलावले आहे.