प्रेशर मोजल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही



आमचं मत आधीच सांगून टाकतो. ऑइलचा लाल दिवा लागला म्हणून कुणी मेकॅनिक आपल्या गाडीचं इंजिन खोलायला निघाला, तर त्याला एकच प्रश्न विचारायचा: "प्रेशर मोजलं का? किती आलं?" आकडा नसेल तर पान्याला हात लावू द्यायचा नाही. आणि दुसरं, दिवा लागल्याबरोबर जो ड्रायव्हर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करतो, त्याचा उशीर झाला म्हणून एक रुपयाही कापायचा नाही.

या दोन गोष्टी आपण पाळत नाही, आणि त्याची किंमत आपण सगळेच भरतो.

हे आठवायचं कारण बारडोली. १९२८ च्या सत्याग्रहामुळे हे नाव शाळेपासून आपल्या ओळखीचं आहे. पण आपल्या धंद्यात बारडोली म्हणजे खानदेशाच्या वाटेवरचा टप्पा. किनाऱ्यावरून बर्फातला माल घेऊन निघालेली गाडी पलसाण्याहून वळते, बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला लागते आणि पुढे कोंडाईबारीचा घाट चढते. रस्त्यात कुठे अडलं तर गॅरेज बघायचं ते बारडोलीतच. उसाच्या हंगामात मात्र तिथे मेकॅनिकला श्वास घ्यायला फुरसत नसते. बाबेनचा सहकारी साखर कारखाना चालू असतो, जुन्या जुन्या गाड्या ऊस घेऊन रांगेत उभ्या असतात. अशा वेळी तुमच्या बोनेटखाली कुणी शांतपणे डोकं घालेल ही अपेक्षा धरू नका.

एकाच हंगामात आपल्या दोन गाड्यांचं तिथे काय झालं ते ऐका.

पहिली गाडी, रात्रीची वेळ, माल भरलेला, दिवा लागला. एका गॅरेजवाल्याने स्लोवर इंजिन ऐकलं आणि सांगितलं, "बेअरिंगं गेली, हाफ इंजिन करावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आमच्या पोटात गोळा आला. सकाळी दुसऱ्याने स्विच काढून त्या जागी साधं प्रेशरचं घड्याळ बसवलं. प्रेशर व्यवस्थित होतं. खराब होता तो स्विच. तो बदलला आणि गाडी निघाली.

दुसऱ्या गाडीत उलटं झालं. "अरे, तो स्विचच खराब असतो नेहमी," असं म्हणत ड्रायव्हर दिवा लागलेला असतानाच पुढे दामटत राहिला. कारण आदल्या महिन्यात उशिरा पोचला म्हणून त्याचा भत्ता कापला होता. सोनगडच्या अलीकडे इंजिन जाम झालं. क्रँक गेला, माल सडला, गाडी दोरीला बांधून आणावी लागली.

म्हणजे दिव्यावर आंधळा विश्वास ठेवला तरी लुटलं जातो, आणि दिव्याकडे डोळेझाक केली तरी बुडतो. मधला रस्ता एकच, मोजणं.

आता हे समजून घ्या की हा दिवा काही लवकर इशारा देत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत प्रेशर साधारण अर्ध्या किलोपर्यंत खाली आलं की तो पेटतो. खरंच प्रेशर गेलं असेल तर क्रँक आणि बेअरिंगच्या मधली तेलाची पातळ फिल्म तुटायला लागलेली असते. तिथून पुढे लोखंडाला बेअरिंग घासतं, आणि हा खेळ काही मिनिटांचा असतो. म्हणून पहिला नियम: दिवा लागला, इंजिन बंद. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" हे चालणार नाही.

बंद केल्यावर काय बघायचं? क्रम महत्त्वाचा आहे. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

१. पट्टी बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर. तेल कमी असेल तर ते कुठे गेलं ते शोधा. तेल जास्त दिसत असेल तर खूश होऊ नका, तेही वाईटच. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर फीड पंप, डिझेल पंप किंवा नोझलमधून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय, तेल पातळ झालंय, प्रेशर पडणारच. तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्ही बाबतीत आधी गळती बंद करायची, मग तेल आणि फिल्टर बदलायचा.

२. वायर बघा. दिव्याच्या स्विचची वायर काढून हवेत धरा आणि चावी चालू करा. दिवा तरीही पेटला तर वायर कुठेतरी सोलून चासीला लागली आहे. दिवा विझला तर वायर ठीक, पण स्विच खरं बोलतोय की खोटं ते अजून कळलेलं नाही.

३. घड्याळ लावा. स्विचच्या जागी, आट्या जुळवून, मेकॅनिकल प्रेशर गेज. थंड इंजिनचं रीडिंग फसवं असतं, कारण थंड तेल घट्ट असतं. दिव्याचा इशारा खोटा निघाला, प्रेशर दिसतंय, अशी खात्री पटल्यावरच गाडी गरम करा आणि दोन आकडे लिहा: स्लोवर किती, रेस दिल्यावर किती. जुन्या सहा सिलिंडरच्या गाडीत गरम असताना स्लोवर किलोभर आणि पळताना तीन-चार किलो, हा ढोबळ हिशेब. खरा आकडा त्या त्या इंजिनाच्या कंपनीच्या पुस्तकातला.

हे दोन आकडे बरंच काही सांगतात. पळताना चांगलं, पण गरम झाल्यावर स्लोवर पडतं: तेल पातळ झालंय किंवा बेअरिंगमधली फट वाढली आहे. स्लोवरही कमी, रेसलाही कमी: ऑइल पंप झिजलाय, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे उघडा राहिलाय, किंवा सक्शन पाइप हवा ओढतोय. चालवताना हळूहळू पडतं आणि थोडा वेळ बंद ठेवल्यावर परत येतं: चेंबरमधली जाळी गाळाने तुंबल्याचा संशय घ्या. वळणावर, ब्रेकवर, घाटात काटा हलतो: आधी तेलाची पातळी बघा.

रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे एक स्प्रिंग आणि एक गोळी किंवा प्लंजर. बऱ्याच इंजिनांत तो काढून धुवायला फारसा वेळ लागत नाही. तो न बघता क्रँक काढायला निघणं म्हणजे नळाचा वॉशर न बघता विहीर उपसायला घेणं.

४. फिल्टर कापून बघा. आतला कागद उलगडा, लोहचुंबक फिरवा. चुंबकाला चिकटला तो लोखंडाचा चुरा. न चिकटणारी चंदेरी चमक असेल तर बेअरिंग झिजायला लागलंय. तांब्याचा रंग दिसला तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय. त्यात खालून दणदण आवाज येत असेल तर आता वाद नको, चेंबर उतरवा. तरीही लगेच पूर्ण इंजिन नाही. बिग एंड आणि मेनचे शेल काढून बघा, क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्या. क्रँक मापात असेल तर नुसत्या नव्या शेलवर काम भागू शकतं. नसेल तर ग्राइंड करून अंडरसाइज.

एक सवय मात्र सोडून द्या: "घट्ट तेल टाक, दिवा जाईल." १५ डब्ल्यू ४० च्या जागी २० डब्ल्यू ५० टाकलं की काटा थोडा वर येतो, हे खरं. पण झिजलेलं बेअरिंग त्याने भरून येत नाही. ताप मोजायचा थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरला म्हणण्यासारखं आहे ते. गाडी घरापर्यंत आणायला एखाद वेळ ठीक. त्यावर हंगाम काढायचा विचार करू नका. आणि तशी गाडी पुढच्या माणसाला विकू तर मुळीच नका.

आता तांडेल म्हणतील, ट्रकचं पुराण आम्हाला कशाला? भाऊ, आपल्या किती बोटींवर ट्रकचंच मशीन बसवलेलं आहे, आठवा. लेलँडचं इंजिन रस्त्यावर काय आणि पाण्यात काय, तेल तसंच फिरतं. फरक एवढाच की बारडोलीला गाडी बंद पडली तर रात्र ढाब्यावर काढता येते. बाहेर खोल पाण्यात मशीन जाम झालं, वारा सुटला, तर खलाशांचा जीव टांगणीला लागतो. बोटीवर ऑइल कूलरमधून पाणी शिरण्याचा धोकाही धरा. त्यामुळे रोज मशीन चालू करण्याआधी पट्टी बघणं हे खलाशाचं काम नाही म्हणून टाळू नका.

आमचं म्हणणं एवढंच:

प्रत्येक गाडीत आणि बोटीत दिव्यासोबत काट्याचं घड्याळ असावं. एक वेगळं गेज आट्यांच्या अडॅप्टरसह संस्थेच्या ऑफिसात राहावं, कुणीही सही करून न्यावं. महिन्यातून एकदा गरम इंजिनचे दोन आकडे वहीत लिहावेत. आज एवढं, सहा महिन्यांपूर्वी एवढं, हे दिसलं की इंजिन काय म्हणतंय ते आपोआप कळतं आणि काम बंदीच्या काळात, आपल्या सवडीने करता येतं. इंजिनकामाचं कोणतंही मोठं बिल प्रेशरचा आकडा लिहिलेला असल्याशिवाय मंजूर होऊ नये.

आणि भत्त्याचं. पेटीभर मासळीचं नुकसान दुसरी गाडी बोलावून, माल हलवून बऱ्यापैकी वाचवता येतं. आधी माल हलवा, मग इंजिन बघा. पण उशिराची भीती घातलेला ड्रायव्हर दिवा बघूनही थांबत नाही. सोनगडच्या त्या क्रँकचं बिल त्याच्या कापलेल्या भत्त्याच्या कितीतरी पट आलं. ही कपात बंद करायचा ठराव येत्या सभेत यावा. गाडी थांबवणारा माणूस संस्थेचे पैसे वाचवतो, त्याला शाबासकी द्या.

सभेला नक्की या. येताना आपल्या गाडीचा किंवा मशीनचा आकडा मोजून आणा.