ज्याला जागा नाही त्याने राहायचे कुठे?

सातारा आणि सांगली ही पश्चिम महाराष्ट्रातल्या सधन जिल्ह्यांची नावे. ऊस, हळद, द्राक्षे, साखर कारखाने, दूधसंघ आणि शिक्षणसम्राट यांची ही भूमी. या सधनतेचे गोडवे गाणाऱ्यांना एक माणूस मात्र कधी दिसत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी करणारा कामगार, मिरजेच्या दवाखान्यात फरशी पुसणारी आमची भगिनी, साताऱ्यात दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर उभा राहणारा आमचा पदवीधर तरुण. हा माणूस दर ११ महिन्यांनी संसार टेम्पोत टाकतो आणि नवी खोली शोधत फिरतो. कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात त्याच्यासाठी ओळ नाही. आणि खरे बोलायचे तर आमच्या चळवळीच्या ठरावांतही ती नाही. म्हणून आज हा प्रश्न आम्ही समाजापुढे ठेवत आहोत.

हिशेब सोपा आहे. समजा, घरात महिन्याला १२ हजार रुपये येतात. त्यातले ४ हजार खोलीला गेले, हजारभर वीज आणि गॅसला गेले, तर उरलेल्या ७ हजारांत पाच माणसांचे पोट, मुलांची फी, म्हाताऱ्यांची औषधे. शिवाय खोलीत पाऊल ठेवण्याआधी डिपॉझिट हवे, एजंट असेल तर त्याचे कमिशन हवे. हे डिपॉझिट बहुतेक वेळा बचत गटातून किंवा सावकाराकडून उचललेले असते. म्हणजे घरमालकाचे भाडे आणि सावकाराचे व्याज असे दोन हप्ते एकाच छपराचे भरावे लागतात. पोराचे शिक्षण सुटते ते इथे, आणि बाईच्या गळ्यातले डोरले गहाण पडते तेही इथेच.

असा माणूस एक दिवस नगरपालिकेची किंवा महापालिकेची पायरी चढतो. सरकार गरिबाला घर देते असे त्याने ऐकलेले असते. खिडकीवरचा कारकून विचारतो, “जागेचा उतारा आणलाय का?” तो म्हणतो, “साहेब, जागा असती तर भाड्याने कशाला राहिलो असतो?” संवाद इथेच संपतो.

हा कारकुनाचा दुष्टपणा आहे काय? नाही. योजनेची रचनाच तशी आहे आणि ती आपण समजून घेतली पाहिजे. माता रमाईच्या नावाने अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्य शासनाने २००८ मध्ये घरकुल योजना मंजूर केली. २६९ चौरस फुटांचे घर आणि शहरी भागात अडीच लाख रुपयांपर्यंत अनुदान असे तिचे स्वरूप. योजना चांगली आहे, तिच्यामुळे अनेक समाजबांधवांच्या डोक्यावर पक्के छत आले, हे आम्ही मान्य करतो. पण घर बांधायचे ते स्वतःच्या जागेवर. प्रधानमंत्री आवास योजना २०१५ साली आली. २०२२ पर्यंत सर्वांना घर, अशी घोषणा होती. २०२२ गेले, मुदत पुढे ढकलली गेली आणि २०२४ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. तिच्यातही वैयक्तिक घर बांधायला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांचे सहाय्य आहे. अट तीच, जागा दाखवा.

आता विचार करा. या देशात जागा कोणाकडे नाही? गावात वतनाच्या जमिनी कोणाच्या गेल्या? गावकुसाबाहेर कोणाला ठेवले? ज्या समाजाला हजारो वर्षे जमिनीपासून तोडले, त्याच समाजाला आज शासन सांगते की, आधी जमीन आण, मग घर देतो! ज्याची जागा काढून घेतली त्याच्याकडेच जागेचा पुरावा मागण्याचा हा न्याय आहे.

ग्रामीण भागात जागा विकत घ्यायला सहाय्य देणारी एक योजना तरी आहे. तिची सुरुवात ५० हजार रुपयांपासून झाली. सातारा किंवा सांगली शहरात एवढ्या पैशांत जागेचा कोपरासुद्धा येत नाही. म्हाडाचे म्हणाल, तर पुणे मंडळाच्या सोडतीत हे दोन्ही जिल्हे येतात. पण ती घरे विकत घ्यायची असतात. ज्याला पगाराची पावती नाही त्याला बँक कर्ज देत नाही, आणि कर्ज नाही तर सोडत लागूनही घर नाही. २०१३ मध्ये शासनाने मोठ्या गृहप्रकल्पांत २० टक्के घरे दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आणला, तो १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवडची लोकसंख्या होती सुमारे ५ लाख आणि सातारा शहराची सुमारे १ लाख २० हजार. म्हणजे मध्यम शहरातला गरीब हा गरीबच नव्हे, असे गृहीत धरले गेले.

एवढे सोसून खोली शोधायला निघालेल्या आपल्या माणसापुढे आणखी एक भिंत असते. ती पैशांची नसते. “पूर्ण नाव काय? गाव कुठले? आम्ही फक्त शाकाहारी लोकांनाच देतो.” तीन प्रश्नांत जात कळते आणि खोली “कालच गेली” असे उत्तर येते. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांविषयी डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नाव कळल्यावर नकार मिळतो, किंवा जाचक अटी घालून जादा भाडे सांगितले जाते, हे त्यात पुराव्याने मांडले आहे. दिल्लीचे हे चित्र सातारा-सांगलीच्या वाचकाला परके वाटेल काय?

या प्रश्नाची मुळे आमच्या इतिहासातच आहेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. त्याच विद्यार्थ्याने परदेशात शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानची नोकरी पत्करली तेव्हा त्याला काय मिळाले? विद्वत्ता होती, पद होते, पगार होता. राहायला खोली मात्र नव्हती. बाबासाहेब एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, तिथूनही नकारच आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे सर्व त्यांनी स्वतः नोंदवले आहे. पैसे असूनही घर मिळत नाही, हा अनुभव घटनेच्या शिल्पकाराचा आहे.

पण या कहाणीची दुसरी बाजू आम्ही सहसा सांगत नाही. हेच बाबासाहेब मुंबईत दोन दशकांहून अधिक काळ कुठे राहिले? परळच्या बीआयटी चाळीत. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या सार्वजनिक संस्थेने बांधलेली ती भाड्याची चाळ होती. मूकनायक निघाला, महाडचा सत्याग्रह झाला, गोलमेज परिषदा झाल्या, त्या काळात बाबासाहेबांचा संसार याच चाळीत होता. राजगृहात ते राहायला गेले ते १९३४ च्या सुमारास. याचा अर्थ काय? खासगी मालकाच्या मर्जीवर सोडले तर बडोदा होते. सार्वजनिक संस्थेने परवडणाऱ्या भाड्याने खोली दिली तर त्या खोलीतून युगपुरुष उभा राहतो. सार्वजनिक मालकीचे भाड्याचे घर ही आमच्यासाठी दयेची बाब नाही, चळवळीच्या इतिहासाचा तो भाग आहे.

इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने नगर परिषदांवर कामगारांसाठी भाड्याची घरे बांधण्याची जबाबदारी आली. बेघर कुटुंबाची सोय करणे हे तिथे १९७७ मध्ये परिषदांचे कायदेशीर कर्तव्य झाले. तिथेही आज घरांसाठी लांब रांगा आहेत, हे आम्हाला माहीत आहे. पण तिथला भाडेकरू परिषदेच्या दारात जाऊन “माझा हक्क” असे म्हणू शकतो. आपल्याकडे तो “साहेब, काहीतरी करा” म्हणतो. कायदा असणे आणि नसणे यात हा फरक आहे.

पैसा नाही, असे शासन म्हणेल. मग आम्ही विचारतो, भाड्याला मदत देण्याचे तत्त्व शासनाने आधीच मान्य केले आहे ना? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणासाठी वर्षाला ठरलेल्या ४३ हजारांत १२ हजार निवासासाठी धरले होते. ही रक्कम अपुरी आहे आणि ती वेळेवर मिळत नाही ही तक्रार नित्याची आहे. तरीही तत्त्व महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्याला भाडे देता येते, तर त्याच्या भाडेकरू आईबापाला का देता येत नाही?

सांगलीकरांना तर हे अधिक जवळून कळेल. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णामाई शहरात आली. पाणी आधी शिरले ते सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांत. जिथे पाणी येते तिथे भाडे कमी असते, आणि जिथे भाडे कमी तिथे गरीब राहतो. पुरानंतर घर मालकाचे आणि चिखल भाडेकरूचा! करारच नसेल तर आपण इथे राहत होतो हे तरी त्याने कोणत्या कागदाने सिद्ध करायचे?

म्हणून कागदाचे महत्त्व समाजाने ओळखावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवला नाही तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे. भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्या वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने चमेली सिंग प्रकरणात सांगितले. उत्तर प्रदेशात दलितांच्या घरांसाठी घेतलेल्या जमिनीचाच तो खटला होता. पण न्यायालयाचे वाक्य आपोआप वीट होत नाही. त्यासाठी मागणी करणारी संघटना लागते.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, सातारा नगरपालिका आणि सांगली-मिरज-कुपवड महापालिकेने भाडेकरू कुटुंबांची स्वतंत्र नोंद करावी. ज्याची मोजदाद नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही. दोन, भूमिहीन लाभार्थ्याला जमिनीचा पट्टा देण्याची मुभा प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यांना आहे, ती इथे वापरावी. तीन, त्याच योजनेत परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक आहे आणि राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही औद्योगिक कामगार, विद्यार्थी आणि नोकरदार महिलांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख आहे. ती घरे पुण्या-मुंबईत न अडकता कुपवाड, मिरज आणि साताऱ्याच्या एमआयडीसीजवळ उभी राहावीत. चार, घर मिळेपर्यंत स्वाधारच्या धर्तीवर कुटुंबाला भाडे सहाय्य द्यावे.

आणि एक प्रश्न आम्हाला स्वतःलाच विचारायचा आहे. नगरसेवकाकडे आम्ही काय मागितले? कमान, समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक, जयंतीला मंडप. हे नको असे आम्ही म्हणत नाही. पण कमानीखालून जाणारा आमचा भाऊ संध्याकाळी कोणत्या छपराखाली जातो, हे विचारायला आम्ही विसरलो. पालिकांवर दीर्घकाळ प्रशासक होते, तेव्हा विचारायचे तरी कोणाला, अशी सबब होती. ती सबबही आता चालणार नाही.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढले आणि सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवली. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाला जे जमले, ते आज कोट्यवधींचे अंदाजपत्रक असलेल्या पालिकांना का जमू नये?

येत्या रविवारी प्रत्येक विहारात वंदनेनंतर एक वही उघडा. वस्तीत किती कुटुंबे भाड्याने राहतात, भाडे किती, करार आहे की नाही, एवढेच लिहा. ती वही घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या आणि आयुक्तांच्या दारात जा. निवेदनाची पोच घ्या. उत्तर आले नाही तर पुन्हा जा, जास्त लोक घेऊन जा. उतारा मागणाऱ्या खिडकीवर या वेळी आमची वही ठेवा.